‘कंटिन्युअस’ आणि मराठीतील सातत्यवाचक विशेषणे

‘कंटिन्युअस’ या इंग्रजी विशेषणासाठी मराठीत अखंड, सतत, निरंतर, अविरत, अव्याहत असे अनेक शब्द उपलब्ध आहेत. ते परस्परांऐवजी सर्रास योजले जातात. तथापि त्यांच्या अर्थच्छटा भिन्न आहेत. मूळ लॅटिन धातूचा अर्थ ‘एकत्र धरून ठेवणे’ असा असल्याने मध्ये खंड नसणे हा या विशेषणाचा गाभा होय. ‘कंटिन्युअल’ हे त्याचे भावंड मात्र प्रामुख्याने थांबून थांबून पुन्हा घडणाऱ्या क्रियेसाठी येते.

मळवलीच्या परिसरात हा भेद सहज उलगडतो. पुणे-लोणावळा लोहमार्ग ‘कंटिन्युअस’, तर त्यावरील लोकलची ये-जा ‘कंटिन्युअल’. जवळच्या भाजे येथील चैत्यगृह अखंड खडकात कोरलेले आहे. छताच्या लाकडी फासळ्या मात्र वेगळ्या बसविलेल्या आहेत. तेथील पाऊस धार न तुटता कोसळला तर ती ‘संततधार’. उघडीप देत आला तर त्या ‘सरी’. ‘सारखा पाऊस’ हा बोलीतील प्रयोग मात्र दोन्ही अर्थ सामावून घेतो व संदर्भाविना संदिग्ध राहतो.

मराठी विशेषणांत खंडाचे स्वरूपही सूचित होते. ‘अखंड’ स्थल व काल दोहोंस लागू पडते. अखंड हरिनाम सप्ताहात वीणेकरी बदलतात, वीणा खाली ठेवली जात नाही. सातत्य व्यक्तीचे नसून क्रियेचे असते. ‘अविरत’मध्ये विश्रांतीचा अभाव आहे, म्हणून ‘अविरत परिश्रम’ शोभते, ‘अविरत भिंत’ शोभत नाही. ‘अव्याहत’मध्ये अडथळ्याचा अभाव, तर ‘निरंतर’मध्ये अंतराचा अभाव अभिप्रेत आहे.

इंग्रजी व्याकरणातील ‘कंटिन्युअस’ काळास मराठीत ‘अपूर्ण’ म्हटले जाते, हेही लक्षणीय आहे. ‘तो लिहीत आहे’ या वाक्यात मराठी व्याकरण क्रियेच्या अखंडतेवर नव्हे, तर ती पुरी न झाल्यावर बोट ठेवते.

या भेदाचे महत्त्व केवळ कोशगत नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यातील ‘कंटिन्युअस’ मूल्यमापनासाठी ‘सातत्यपूर्ण’ हा शब्द रूढ झाला. वर्गात मूल्यमापन ठरावीक अंतरांनी घडते. परंतु शब्दशः अर्थ घेतल्यास शिक्षकाने क्षणोक्षणी नोंदी ठेवाव्यात असा ग्रह होतो. सबब, अनुवादकाने प्रतिशब्द निवडण्यापूर्वी खंड मुळीच नाही की तो पुनःपुन्हा भरून निघतो, हे प्रथम ठरविणे अगत्याचे आहे.