जुन्या सोन्याचा नवा दागिना

लग्न ठरलं की घरात सोन्याची बोलणी निघतात. मुलीच्या अंगावर काय घालायचं? भाव ऐकून बाप गप्प बसतो. मग आई ट्रंकेच्या तळातून एक चिंधी काढते. चिंधीत सासूबाईंच्या पाटल्या असतात. तुटलेली बोरमाळ असते. जोडीतली एकच उरलेली कुडी असते. "हेच मोडू या," ती म्हणते.

ती म्हणते ते शहाणपणाचं आहे. का, ते सांगतो.

सोनं खडकात असतं, पण किती? एक टन खडक फोडला तर पुष्कळ खाणींत दोन-चार ग्रॅमच सोनं हाती लागतं. म्हणजे आजच्या दहा ग्रॅमच्या तोळ्यासाठी ट्रकभर दगड फोडायचा. त्या दगडाचं पीठ करतात. ते सायनाइड नावाच्या विषाच्या पाण्यात घोळतात. सोनं पाण्यात उतरतं आणि पीठ मागे उरतं. कर्नाटकात कोलारला अशी मोठी खाण होती. ती जमिनीखाली तीन किलोमीटरहून खोल गेली होती. 2001 साली ती बंद पडली. पण पिठाचे डोंगर तिथे राहिले. वारा सुटला की त्यांची धूळ वस्तीवर येते.

आफ्रिकेत आणि दक्षिण अमेरिकेत गरीब माणसं हाताने खणून सोनं काढतात. अशी माणसं एक कोटीहून जास्त आहेत. वाळूत सोन्याचे बारीक कण असतात. ते धरायला वाळूत पारा मिसळतात. पारा सोन्याला चिकटतो आणि त्याचा गोळा होतो. गोळा तापवला की पारा वाफ होऊन उडतो, सोनं उरतं. पण ती वाफ जाते कुठे? शेकोटीभोवती बसलेल्या बायकापोरांच्या नाकात. उरलेला पारा नदीत जातो, नदीतून माशात, माशातून माणसाच्या पोटात. हात कापू लागतात. गर्भातलं मूलही वाचत नाही. पाऱ्याचा वापर कमी करावा म्हणून 2013 साली देशादेशांनी मिनामाता करार केला. 2018 साली भारतही त्यात सामील झाला. मिनामाता हे जपानातलं गाव. पारा गेलेले मासे खाऊन तिथली माणसं लुळी झाली होती.

आपल्या देशात सोनं थोडंच निघतं. बहुतेक बाहेरून येतं, दरवर्षी शेकडो टन. दुकानातल्या नव्या बांगडीकडे पाहून ती कुठल्या खाणीतली, हे कुणालाही ओळखता येत नाही. आईच्या पाटल्यांचं तसं नाही. त्यांच्यासाठी नवा दगड फोडावा लागत नाही.

सोनं गंजत नाही, कुजत नाही. शंभर वेळा वितळवलं तरी ते सोनंच राहतं. म्हणून जुनं सोनं सांभाळण्याची रीत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. सोनाराच्या दुकानातला केरसुद्धा वाया जात नाही. झारेकरी तो विकत घेतात आणि पाण्यात धुऊन सोन्याचे कण काढतात. (काही ठिकाणी त्यातही पारा वापरतात. तेवढं मात्र थांबायला हवं.)

आता जुनं सोनं शुद्ध कसं करतात ते पाहू. या कामाला गलाई म्हणतात. दागिन्यात नुसतं सोनं नसतं. मजबुतीसाठी तांबं आणि चांदी घातलेली असते. ती वेगळी काढायची. त्यासाठी काय करतात? सोन्यात आणखी चांदी घालतात! एक भाग सोनं आणि तीन भाग चांदी. ऐकायला उलटं वाटतं ना? पण चांदी भरपूर असली तरच तेजाब आतपर्यंत पोचतं. मुशीत दोन्ही वितळवून त्याचे बारीक दाणे करतात. ते नायट्रिक ॲसिडात, म्हणजे तेजाबात, उकळतात. चांदी आणि तांबं तेजाबात विरघळतं. तळाशी तपकिरी भुकटी राहते. ती पाहून कुणी सोनं म्हणणार नाही. ती धुऊन, टाकणखार घालून वितळवली की पिवळाधमक गोळा निघतो. तेजाबातली चांदीही परत मिळते. त्यात तांब्याचा पत्रा टाकला की चांदी खाली बसते.

हे काम देशभर कोण करतं, ठाऊक आहे? आपलीच माणसं. सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव या भागातली. दुष्काळी मुलूख. शेती पिकेना, म्हणून माणसं बाहेर पडली आणि गलाईत शिरली. आज दूरदूरच्या शहरांतल्या सराफ कट्ट्यांवर तुम्हाला मराठी बोलणारा गलाईवाला भेटेल.

माझा एक विद्यार्थी असाच काकाबरोबर दक्षिणेत गेला. गणितात हुशार होता. दहा वर्षांनी गावी आला तेव्हा घर बांधण्याइतका पैसा आणला, पण जिना चढताना तो मध्येच थांबला. "गुरुजी, तेजाबाचा लाल धूर," एवढंच म्हणाला. खोली लहान, खिडकी एक. तेजाब उकळताना निघणारा तांबडा-तपकिरी धूर फुप्फुसं जाळतो. तो ओढून घ्यायला पंखा आणि नळी हवी. खारट सोड्याच्या पाण्यातून धूर नेला तर त्याचा जोर मोडतो. एवढा खर्च करायला काय हरकत आहे? माझ्या मते, ज्या दुकानात ही सोय नाही तिथलं सोनं कसाला उतरलं तरी खोटंच.

दागिना घडवतानाही असाच धोका असतो. तुकडे जोडायला डाख लावतात. पूर्वी तो तांबं-चांदी घालून करत, त्यामुळे दागिन्याचा कस उतरायचा. मग कॅडमियमचा डाख आला. त्याने कस टिकला, पण कॅडमियमच्या वाफेने कारागिरांची फुप्फुसं आणि मूत्रपिंडं बिघडू लागली. तो डाख म्हणजेच केडीएम. अजूनही माणसं दुकानात विचारतात, "केडीएम आहे ना?" त्यांना वाटतं, तो शुद्धपणाचा शिक्का आहे. हॉलमार्कच्या दागिन्यात आता कॅडमियम चालत नाही. जस्ताचा डाख मागा.

मोड देताना काय पाहावं, ते मी ठेच खाऊन शिकलो. थोरल्या मुलीच्या लग्नात वीस ग्रॅमच्या पाटल्या दिल्या. दुकानदार आत गेला आणि बाहेर येऊन म्हणाला, "घट फार आली." हिशेब चौदा ग्रॅमचा निघाला. मी मुख्याध्यापक, पण पावती मागायचं सुचलं नाही. सौ. दोन दिवस जेवली नाही. त्या तिच्या आईच्या पाटल्या होत्या.

घट म्हणजे दर वेळी चोरीच, असं नाही. हिशेब करून पाहा. वीस ग्रॅमच्या जुन्या दागिन्यात शंभरात ऐंशी भाग सोनं असेल, तर शुद्ध सोनं सोळा ग्रॅम. बावीस कॅरटच्या सोन्यात हजारात 916 भाग सोनं असतं. सोळा ग्रॅमचं बावीस कॅरट केलं तर सुमारे साडेसतरा ग्रॅम भरतं. पण आधी ते ऐंशी भाग आहेत की नव्वद, हे कळायला हवं.

धाकटीच्या वेळी आम्ही हॉलमार्क केंद्रात गेलो. सोनं वजन करून समोर वितळवून घेतलं आणि मग कस पाहिला. यंत्र वरवरचाच थर पाहतं, म्हणून वितळवलेल्या गोळीचा कस पाहिलेला बरा. कागदावर आकडा घेतला. मगच सोनाराकडे गेलो.

नव्या दागिन्यावर तीन खुणा पाहा: भारतीय मानक ब्युरोची त्रिकोणी खूण, 22के916 असा कसाचा आकडा, आणि सहा अक्षर-अंकांचा क्रमांक. 1 एप्रिल 2023 पासून हा क्रमांक सक्तीचा आहे. दोन ग्रॅमहून हलक्या दागिन्याला त्यातून सूट आहे. मोबाइलवर ब्युरोच्या ॲपमध्ये क्रमांक घातला की दागिना कुणी तपासला ते कळतं. मुलाला सांगा, तो काढून देईल.

धाकटीला आम्ही कोल्हापुरी साज केला. साजाचे मणी पोकळ असतात. पातळ पत्रा आणि आत लाख. लाख म्हणजे पळस-बोरीच्या झाडावर किडे करतात तो चीक. झाड तोडावं लागत नाही, आणि थोड्या सोन्यात दागिना भरदार दिसतो. फक्त लाखेचं वजन वेगळं लिहून घ्यावं, नाहीतर सोन्याच्या भावाने लाख गळ्यात पडते. आमच्या पावतीवर सोनाराने ते वेगळं लिहिलं. सौ.ने मला ते मोठ्याने वाचायला लावलं, आणि मग पावती दागिन्याबरोबर चिंधीत बांधून ठेवली.