पावाने जिंकलेली निवडणूक

जोहरान ममदानी न्यूयॉर्कचे महापौर म्हणून निवडून आले आणि त्यांनी आश्वासन दिलेल्या पालिकेच्या किराणा दुकानांवरून तिकडे ‘समाजवाद आला’ अशी हाकाटी सुरू झाली. ओरडणाऱ्यांनी एकदा नॉर्थ डकोटात चक्कर मारावी. राज्य रिपब्लिकनांचा बालेकिल्ला. पण बँक सरकारी आणि पिठाची गिरणीही सरकारी. दोन्ही शंभरी ओलांडून धडधाकट.

या दोन्हींमागचे मूळ भांडण गव्हाच्या प्रतवारीचे. शेतकऱ्याने कोठारावर गाडी लावायची; तिथल्या माणसाने मूठभर दाणे तळहातावर घेऊन प्रत सांगायची आणि वर कचऱ्यापोटी कडता कापायचा. भावाची सूत्रे मिनियापोलिसच्या व्यापाऱ्यांकडे. आपल्या बाजार समितीत माल घेऊन उभे राहिलेल्यांना यात नवे काही नाही.

१९१६ साली तांबेऱ्याने दाणा बारीक पडला आणि तो गहू जनावरांच्या खाद्याच्या भावाने गेला. फार्गोच्या कृषी महाविद्यालयातले रसायनतज्ज्ञ एडविन लॅड यांनी असाच गहू प्रयोगाच्या छोट्या गिरणीत दळला आणि त्या पिठाचे पाव भाजले. पाव उत्तम झाले! म्हणजे शेतकऱ्याच्या हाती खाद्याचा भाव आणि गिरणीवाल्याच्या गल्ल्यात पिठाचा. माझ्या मते ‘नॉनपार्टिझन लीग’ या शेतकरी चळवळीचा खरा जाहीरनामा हा पावच होता. १९२० मध्ये लॅड सिनेटवर निवडून गेले, ते उगाच नव्हे.

१९१८ मध्ये लीगच्या पुढाकाराने आलेली, राज्याला उद्योगधंदे करू देणारी घटनादुरुस्ती मतदारांनी मंजूर केली. १९१९ मध्ये २० लाख डॉलर भांडवलावर बँक उघडली, १९२२ मध्ये ग्रँड फोर्क्सला गिरणी. मधल्या काळात गंमत झाली. ऑक्टोबर १९२१ मध्ये मतदारांनी लीगचेच गव्हर्नर लिन फ्रेझर यांना मुदतीआधीच घरी पाठवले. अमेरिकेत हे प्रथमच घडत होते. पण त्याच मतदानात बँक गुंडाळण्याचा प्रस्तावही त्यांनी फेटाळला. कारभारी नको, बँक हवी!

गिरणीने सुरुवातीला तोटा सोसला. आता तिच्या नफ्यातला वाटा राज्याच्या तिजोरीत जातो. बँकही गावातल्या खासगी बँकांचे गिऱ्हाईक पळवत नाही, त्यांच्या जोडीने कर्ज देते.

सरकारने धंदा करावा का, हा वाद म्हणूनच मला पोकळ वाटतो. कोणाचा कडता बंद करायला दुकान थाटताय, ते सांगा. किराणा व्यापारात निव्वळ नफा शेकडा एक ते तीन. तिथे कापायला कडता उरतोच किती? ममदानींनी आधी आपला पाव भाजून दाखवावा.