निवृत्ती दोघांची

निवृत्तीचा समारंभ होतो तो एकाचा. हार, शाल आणि श्रीफळ घेऊन गृहस्थ घरी येतात. पण त्या संध्याकाळी त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे चहाचे आधण ठेवणाऱ्या गृहिणीला निवृत्तीचे पत्र कुणी देत नाही. उलट तिच्या कामात भरच पडते. दहा ते सहा तिच्या एकटीचे असणारे घर आता दिवसभर साहेबांच्या ताब्यात जाते आणि भाजी कशी चिरावी इथपासून सूचना सुरू होतात!

माझे मामा-मामी या पेचातून सुटले ते एका तलावाच्या काठी. गळ टाकून बसण्याची मामांची हौस बँकेच्या नोकरीत राहूनच गेली होती. भंडारदऱ्याला तंबूत दोन रात्री काढायच्या असे त्यांनी ठरवले. मामीने एकच अट घातली : “मासे तुम्ही धरायचे, साफ तुम्ही करायचे, शिजवायचेही तुम्हीच. मी नुसती बसणार.” मामांनी मान डोलावली. पुरते ऐकून न घेताच डोलावली, असे मामी अजून सांगते.

भंडारदरा अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात आहे. प्रवरेवरचे विल्सन धरण १९२६ साली पुरे झाले. त्याने अडवलेले पाणी म्हणजे आर्थर लेक. जवळच १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई, दुसऱ्या टोकाला रतनवाडीचे अमृतेश्वराचे देऊळ आणि त्यामागे रतनगड. मुंबईकरांनी नाशिकच्या रस्त्याने घोटीपर्यंत यावे व तेथून आत वळावे. काठच्या गावांत तंबू, अंथरूण आणि गरम पिठले-भाकरी मिळते.

गळाचे शास्त्र वाटते तितके सोपे नाही. रोहू, कटला, मृगळ हे मूळचे उत्तरेकडच्या नद्यांचे मासे. आपल्या जलाशयांत त्यांचे बीज सोडले जाते. तेथील मासेमारी बहुधा सहकारी संस्थांकडे ठेक्याने असते, तेव्हा आधी विचारून परवानगी घ्यावी. कणकेची गोळी किंवा गांडूळ लावून गळ टाकला, की बोयावर नजर ठेवून गप्प बसायचे. महसीर लागला तर त्याला परत पाण्यात सोडावे. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या कंपनीने याच माशाची पैदास वर्षानुवर्षे चालवली आहे. नदीतून तो नाहीसा होऊ नये म्हणून.

पहिला दिवस कोरडा गेला. दुसऱ्या सकाळी मामा स्टोव्ह पेटवण्याच्या खटपटीत असताना गळ मामीच्या हाती आला, आणि बोया बुडाला तोही तेव्हाच! वीतभर मासा. मामांनी तो साफ करायला तासभर घेतला, मीठही जास्त पडले. मामीने तो मुकाट्याने संपवला आणि म्हणाली, “इतक्या वर्षांत आयते ताट आज पहिल्यांदा समोर आले.” मामांना त्यावर उत्तर सुचले नाही. घरात अबोला म्हणजे राग. पाण्याकाठी तो तास-दीड तासाचा अबोला सोबतीचा होता.

जाऊ इच्छिणाऱ्यांना चार गोष्टी सांगतो. हिवाळ्यात तेथे थंडी कडक असते; पण कोळशाची शेगडी तंबूत मुळीच नेऊ नये, तिचा विषारी वायू झोपेतच घात करतो. धरणाच्या पाण्यात पोहायला उतरू नये. तंबू पाण्याच्या अगदी कडेला नको. नेहमीची औषधे दोन दिवस पुरून उरतील इतकी जवळ असावीत.

आता मामांकडे रविवारचा स्वयंपाक मामांचा असतो. मीठ अजून कमी-जास्त होते, आणि त्या दिवशी मामी स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाही. वाचकहो, आपल्या घरी कुणी निवृत्त होत असेल, तर हारतुरे जरूर घ्या. मात्र निवृत्तीच्या पत्राची एक प्रत घरातल्या माउलीच्याही नावाने काढा. तंबू आणि तलाव हे निमित्त. खरी सुट्टी तिला मिळाली पाहिजे.