मनगटावरचा बँड, पोटातला सेन्सर

विरारहून पहाटेची लोकल पकडणाऱ्याची झोप तशीही तुटपुंजीच. पण बायपोलर आजार असलेला माणूस दोन-तीन तास झोपूनही उत्साहाने उसळत असेल, तर ती उन्मादाची सुरुवात असू शकते. मनगटावरचा बँड झोप आणि हालचाल टिपतो, म्हणून मला तो मोलाचा वाटतो. माझ्या मावसभावाच्या मोबाइलवर झोपेची निळी पट्टी सलग चार रात्री आखडत गेली, तेव्हा मावशीने थेट डॉक्टरांना फोन लावला. बँड निदान करत नाही, ते काम डॉक्टरांचंच.

पोटात जाणारा सेन्सरही आहे! नोव्हेंबर २०१७ मध्ये अमेरिकेची औषध नियामक संस्था एफडीएने ‘अ‍ॅबिलिफाय मायसाइट’ या बायपोलरसारख्या मानसिक आजारांवरच्या गोळीला मंजुरी दिली. गोळीत वाळूच्या कणाएवढा सेन्सर असतो. जठरातल्या रसाशी संपर्क आला की तो संदेश सोडतो, अंगावर चिकटवलेली पट्टी तो पकडून मोबाइलला कळवते. यामुळे रुग्ण औषध अधिक नियमित घेतात, हे मात्र मंजुरीच्या वेळी सिद्ध झालेलं नव्हतं. सेन्सर बनवणाऱ्या प्रोटियस कंपनीने २०२० मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला.

बँड आणि सेन्सरची माहिती कोणी पाहायची, हे रुग्णानेच ठरवावं, असं माझं ठाम मत.

वसई-विरारकरांनो, बोलावंसं वाटलं तर टेलि-मानस हेल्पलाइन: १४४१६. मोफत, चोवीस तास, मराठीतही.