रानातल्या देवाची अनुज्ञा

महाशिवरात्रीची कथा घरोघरी ठाऊक आहे. शिकारीच्या आशेने बेलाच्या झाडावर रात्रभर बसून राहिलेला व्याध, त्याच्या हातून नकळत खाली पडणारी पाने, झाडातळीचे शिवलिंग आणि प्रहरामागून प्रहर पाण्यावर येणारी हरिणे. आमच्या मार्कंडा क्षेत्री वैनगंगा उत्तरवाहिनी होते. तेथे या पर्वाला मोठी यात्रा भरते, आणि हे आख्यान ऐकल्यावाचून रात्रीच्या कीर्तनातून श्रोते उठत नाहीत. मात्र त्यातील एक गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. या व्रताचा महिमा ज्याच्या मुखाने सांगितला जातो तो कोणी वेदपाठी नव्हे, रानात वावरणारा पारधी आहे. पोथी लिहिणाऱ्यांनी त्याला झाकून ठेवले नाही. व्रत आपल्या घरात आले, आणि दर वर्षी व्याधाचे ऋण मोठ्याने उच्चारल्याखेरीज ते पुरे होत नाही.

हे आज सांगण्यास तसेच कारण आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यात हल्ली शाळकरी मुलांची निसर्ग शिबिरे पुष्कळ भरतात. मुलांनी साग आणि ऐन ओळखावा, मोहाचे फूल पहाटे कसे टपटपते ते पाहावे, वाघाच्या पाऊलखुणेपाशी क्षणभर स्तब्ध व्हावे, यासारखे शिक्षण नाही. परंतु अलीकडे काही शिबिरांत ‘आदिवासी अध्यात्म’ नावाचा एक नवा पदार्थ वाढण्यात येऊ लागला आहे.

दोन वर्षांपूर्वी अशाच एका शिबिरात मुलांपुढे कीर्तन करण्यास मला पाचारण झाले होते. कीर्तन आटोपल्यावर शेकोटी पेटली. शहरातून आलेल्या प्रशिक्षकाने मुलांच्या गालांवर रंगाचे पट्टे ओढले, मस्तकाला पानांच्या माळा बांधल्या, शेंदूर फासलेला एक दगड मध्ये मांडला आणि त्यावर हात ठेवून प्रत्येकाकडून शपथ म्हणवून घेतली. प्रत्येक मुलाला एकेक ‘वननाव’ मिळाले. सकाळी ‘वनदीक्षे’चे छापील प्रमाणपत्रही मिळाले. तो दगड दुपारी शिबिराच्या जीपमधून उतरताना मी पाहिला होता. हा सोहळा चालला असता स्वयंपाकाच्या तंबूमागे शेजारच्या गावची दोन गोंड मुले राखेने भांडी घाशीत होती. त्यांना रिंगणात कोणी बोलावले नाही. त्यांतला एकजण हात पुसत क्षणभर उभा राहिला, दगडाकडे पाहिले आणि पुन्हा भांड्यांकडे वळला.

मी प्रशिक्षकाला बाजूला घेऊन विचारले. तो मनाने वाईट नव्हता. “बुवा, यात अनादर कसला? आम्ही तर मुलांना आदर शिकवतो,” असे तो म्हणाला. प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून त्याचे उत्तरही नीट दिले पाहिजे.

आपल्याकडे साध्या सत्यनारायणालाही संकल्प लागतो. संकल्पात देश सांगावा लागतो, काळ सांगावा लागतो, यजमानाचे गोत्र आणि नाव सांगावे लागते. कोणी, कोठे, केव्हा आणि कशासाठी, हे चार प्रश्न सुटल्याविना पूजा उभीच राहत नाही. लग्नकार्यात आपण देवक बसवतो. कोणाचे देवक पंचपल्लव, कोणाचे आणखी एखादे झाड, पण ज्याचे त्याचे ठरलेले. उद्या कोणी परगावचा गृहस्थ शाळेच्या सहलीत मुलांच्या करमणुकीसाठी आपले देवक मांडून बसला, तर घरातली म्हातारी माणसे काय म्हणतील? गोंडांची व्यवस्था याहून सैल असेल असे मानण्यास काही आधार नाही. चार देवांचे, पाच देवांचे, सहा देवांचे, सात देवांचे अशी त्यांच्या कुळांची मांडणी आहे. तीवरून सोयरीक ठरते, तीवरून पेनाची म्हणजे कुलदेवाची सेवा ठरते. जीपमधून आणलेल्या दगडाला यांपैकी कोणतेच कूळ नव्हते.

मला विशेष जिव्हाळा वाटतो तो परधानांविषयी, कारण ते एका अर्थी माझे व्यवसायबंधू. परधान हा गोंडांचा वंशपरंपरागत गायक. हाती किंगरी घेऊन तो कुळाची उत्पत्ती, पारी कुपार लिंगोचे चरित्र आणि पूर्वजांच्या कथा गातो. आमच्या नारदीय गादीपुढे जो येईल त्याने बसावे, ऐकावे. परधानाचे गाणे असे सर्वांसाठी खुले नसते. त्याची यजमान घरे ठरलेली असतात, आणि मोठे आख्यान पर्सापेनच्या पूजेसारख्या प्रसंगीच उभे राहते. त्याला उठवून शेकोटीपाशी बसवावे आणि ‘दहा मिनिटांत काहीतरी आदिवासी होऊ द्या’ म्हणावे, हे कीर्तनकाराला पूर्वरंगाविना, आख्यानाविना नुसत्या झांजा वाजवायला सांगण्यासारखे आहे. राजुरा-जिवतीच्या डोंगरांतून आणि पलीकडे आदिलाबादकडे दिवाळीच्या सुमारास दंडारी निघते. मोरपिसांचा भव्य मुकुट ल्यालेला घुसाडी तेवढे दिवस नेमाने राहतो, लोक त्याला देवाच्या जागी मानतात, आणि पर्व संपले की मुकुट उतरतो. तोच मुकुट पुठ्ठ्याचा करून मे महिन्यात मुलांच्या डोक्यावर चढवला, तर त्यात उरते काय? पिसेसुद्धा नाहीत!

ताडोबाचे नाव तर आज जगाच्या तोंडी आहे. हे नाव तारू या गोंड प्रमुखाचे. वाघाशी झुंजताना त्याला मरण आले आणि लोकांनी त्याला देव केले, अशी कथा सांगतात. तलावाच्या काठी मोठ्या वृक्षाखाली त्याचे ठाणे आहे, आणि पौषात तेथे आदिवासींची जत्रा भरत आली आहे. 1955 साली येथे राष्ट्रीय उद्यान झाले, 1995 साली अंधारी अभयारण्य त्यात मिळून व्याघ्रप्रकल्प झाला. बोटेझरी, नवेगाव, जामणी यांसारखी गावे आतून उठून बाहेर वसली. वाघासाठी ते आवश्यक होते की नाही याचा वाद येथे करीत नाही. परंतु ज्यांचा देव आत राहिला आणि घर बाहेर आले, त्यांना दर्शनासाठी नियम पाहावे लागतात. त्याच देवाच्या नावाने रानाबाहेर शिबिरात शपथा घेतल्या जातात, आणि त्या घेणाऱ्याला कोणाचीही परवानगी लागत नाही. मला खुपते ते हे.

हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. इंग्लंडात बेडन-पॉवेल यांनी 1916 साली लहान मुलांसाठी जी ‘वुल्फ कब’ शाखा काढली, तिचा सारा साज किपलिंगच्या ‘जंगल बुक’मधून घेतला. ते रान आपल्या नागपूरच्या उत्तरेकडचे सिवनीचे, गोंडांच्या मुलखातले. त्या शाखेत लांडग्याचे मुंडके बसवलेला ‘टोटेम’ स्तंभ असे, आणि टोटेम हा शब्द अमेरिकेतील ओजिब्वे लोकांचा. म्हणजे शब्द एका वनवासी समाजाचा, रान दुसऱ्याचे, आणि खेळ तिसऱ्याच लेकरांचा! अमेरिकेत तर तेथील मूळ रहिवाशांचे घामाच्या झोपडीचे पवित्र विधी पैसे घेऊन विकले जाऊ लागले. तेव्हा लाकोटा लोकांनी 1993 साली एकत्र येऊन आपल्या उपासनेचा बाजार मांडणाऱ्यांविरुद्ध जाहीर घोषणापत्र काढले. 2009 साली अॅरिझोनात एका शिबिरचालकाने मांडलेल्या अशाच विधीत तीन माणसे दगावली. ती झोपडी किती तापवावी, कोणाला आत घ्यावे, केव्हा बाहेर काढावे हे त्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या शिकून येते. विधी उचलून नेणाऱ्याने ते शिक्षण मागेच ठेवले होते.

काही सज्जन म्हणतील की गोंडांचा देव तो आपलाच शंभू, मग परकेपणा कशाला? गोंडांत शंभूची भक्ती आहेच, आणि आपला धर्म स्वतंत्र आहे असे ठासून सांगणारेही पुष्कळ आहेत. त्याचा निवाडा त्यांनी करावा. आपलाच मानला तरी शेजाऱ्याच्या देव्हाऱ्यात न विचारता हात घालण्याची मुभा त्यातून कशी निघते, हे मला उमगत नाही.

महाभारताच्या वनपर्वात अर्जुन तपाला बसतो. एका वराहावर त्याचा बाण आणि एका किराताचा बाण एकाच वेळी पडतो. सावज कोणाचे, यावरून अर्जुन त्या रानच्या माणसाशी भांडतो, त्याला टाकून बोलतो, लढतो आणि हरतो. मग तो मातीची शिवमूर्ती करून तिला माळ वाहतो, आणि वर पाहतो तो तीच माळ किराताच्या मस्तकावर. भारवीने या प्रसंगावर सबंध महाकाव्य रचले. शेकोटीपाशी मांडलेला तो दगड आणि तंबूमागची ती दोन मुले आठवली की मला ही माळ आठवते.

विचारण्याची वाट काही अवघड नाही. 1996 च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला आपल्या रूढी-परंपरा आणि सांस्कृतिक ओळख जपण्याचा अधिकार दिला आहे. गडचिरोलीचा मोठा भाग आणि चंद्रपूरकडील राजुरा-जिवती त्यात येतात. 2013 साली ओडिशातील नियमगिरीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डोंगराच्या देवाचा प्रश्न ग्रामसभांपुढेच ठेवला होता. धानोरा तालुक्यातील मेंढा गावाला 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तेथे निर्णय सर्वसहमतीने होतात, आणि गावकरी अभ्यासगटात बाहेरच्या जाणत्यांना बरोबर बसवून शिकतात. शिकू इच्छिणारी मुले तेथे जाऊन बसू शकतात. दीक्षाविधीवाचून रान शिकवता येत नाही असेही नाही. मूल तालुक्यात सोमनाथला बाबा आमट्यांनी सुरू केलेल्या श्रमसंस्कार छावणीत हजारो तरुणांनी कुदळ-फावडे हाती घेतले. कोणी त्यांच्या गालांवर पट्टे ओढले नाहीत.

त्या शिबिराच्या दुसऱ्या दिवशी मी भांडी घासणाऱ्या मुलांच्या गावी गेलो. तेथल्या वृद्ध भूमकाला विचारले, “दादा, शहरातली पोरे तुमच्या देवाला आली तर चालतील का?” त्याने बराच वेळ विचार केला. मग म्हणाला, “येऊ द्या जी. पौषात या. येताना तांदूळ आणा. रात्री इथेच राहावं लागेल, आणि आमची पोरं सांगतील तिथंच बसावं लागेल.”

मी हा निरोप त्या प्रशिक्षकाला पत्राने कळवला आहे.