एकं-दहं-शतं : मुलांच्या हाती द्यावयाचे गणित

व्यापाऱ्याच्या वहीत प्रत्येक अंकाला दोन किमती असतात. एक त्याची स्वतःची, आणि दुसरी तो ज्या जागी बसला आहे त्या जागेची. रोजमेळात ३०४ च्या ठिकाणी ३००४ लिहिले गेले, तर सायंकाळी मेळ बसत नाही आणि दिवाणजींना उशिरापर्यंत चूक शोधीत बसावे लागते. जाणत्या माणसाच्या हातून असे क्वचितच घडते. परंतु सहा-सात वर्षांच्या बालकाच्या पाटीवर हीच चूक वारंवार दिसते. तिचे कारण आळस किंवा मंदबुद्धी असे आपण सहज समजतो. वस्तुतः तसे नाही. ‘तीनशे’ म्हणजे ३०० हे त्याला ठाऊक आहे, ‘चार’ म्हणजे ४ हेही ठाऊक आहे. ऐकल्या क्रमाने दोन्ही शेजारी मांडले की ३००४ होतात. बालकाने आपल्या परीने तर्कच चालविलेला असतो. त्याला जे कळलेले नाही ते एवढेच, की अंकाची जागा हीसुद्धा काही सांगत असते. शालेय पुस्तकांत जिला ‘स्थानिक किंमत’ म्हणतात, ती हीच.

ही गोष्ट आपल्या पाल्याला कळली आहे की नाही, हे पाहण्याची एक सोपी कसोटी आहे. अमेरिकेतील शिक्षणतज्ज्ञ कॉन्स्टन्स कामी यांच्या लेखनामुळे ती सर्वत्र प्रसिद्ध झाली. मुलापुढे सोळा चिंचोके मोजून ठेवावेत आणि कागदावर १६ लिहून घ्यावेत. मग ६ या अंकावर बोट ठेवून विचारावे, ‘एवढे चिंचोके दाखव.’ मूल सहा चिंचोके बाजूला काढील. नंतर १ वर बोट ठेवून तोच प्रश्न करावा. पुष्कळ मुले तेथे एकच चिंचोका उचलतात. उरलेले नऊ कोणाचे, असे विचारल्यास गोंधळतात. शंभरापर्यंत अंक घडाघडा म्हणणारी मुलेही यात असतात, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. अंक म्हणता येणे ही एक गोष्ट, आणि त्या १ मध्ये दहा चिंचोके दिसणे ही दुसरी.

आमच्या इंदूर नगरीतील मुलांची अडचण आणखी एका कारणाने वाढते. मराठीत ‘पंचवीस’ म्हणताना आधी पाच येतात, मग वीस. लिहिताना मात्र आधी २ आणि मग ५. कानाप्रमाणे हात चालला तर ५२ लिहिले जातात. ‘एकोणतीस’ या शब्दात तीस ऐकू येतात, पण अंकात ३ कोठेच नसतो. घरी मराठीत जे ‘एकोणनव्वद’, तेच बाजारात आणि हिंदी शाळेत ‘नवासी’, आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळेत ‘एटी-नाइन’. पहिला शब्द नव्वदातून एक उणा करावयास सांगतो, दुसरा नऊ आधी बोलतो, तिसरा ऐंशी आधी बोलतो. एकाच संख्येची ही तीन निराळी दर्शने. महाराष्ट्रात २०१९ साली ‘बालभारती’च्या दुसरीच्या गणित पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी सुटी वाचनपद्धती आली, तेव्हा त्यावर मोठा वाद झाला आणि विधानसभेतही तो विषय निघाला. त्या वादाचा निवाडा करण्याचे येथे प्रयोजन नाही. परंतु जोडशब्द मुलांना अवघड जातात, ही त्यामागची तक्रार खरी आहे. शब्द बदलणे आपल्या हाती नसले, तरी शब्दामागची वस्तू मुलाच्या हाती देणे आपल्याला शक्य आहे. आठ जुड्या आणि नऊ सुट्या काड्या पुढे ठेवल्या, की तिन्ही भाषांतील तिन्ही नावे त्याच एका ढिगाची आहेत, हे बालकाला कोणी न सांगता उमगते.

वस्तूंच्या आधाराने हे शिकविण्याची सर्वांत सुबक योजना डॉ. मारिया मॉंटेसरी यांची. त्यांच्या साधनांत सोनेरी मणी असतात. एक सुटा मणी म्हणजे एकक. दहा मणी तारेत ओवले की दशकाची कांडी. अशा दहा कांड्या शेजारी जोडल्या की शतकाचा चौरस. दहा चौरस एकावर एक रचले की सहस्राचा घन. बिंदू, रेषा, चौरस, घन अशी ही चढण आहे. आणि प्रत्येक पायरीवर आकार बरोबर दहापट होतो. हजाराचा घन उचलताना बालकाच्या हाताला जो भार जाणवतो, तो १ वर तीन शून्ये पाहून कधीही जाणवणार नाही. पुढे हंगेरीत जन्मलेले गणितज्ञ झोल्टान डिनीश यांनी हीच कल्पना लाकडी ठोकळ्यांत आणली. आज शाळांतून जे दशमान ठोकळे दिसतात, त्यांना अनेक देशांत त्यांच्याच नावाने ओळखतात.

डॉ. मॉंटेसरी १९३९ साली मद्रासजवळील अड्यार येथे आल्या. युद्धामुळे त्यांचा मुक्काम लांबला आणि शेकडो भारतीय शिक्षक त्यांच्या हाताखाली तयार झाले. परंतु त्याच्याही पूर्वी, १९२६ साली, गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापून हा विचार गुजराती व मराठी घरांत नेला होता. ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डी येथे आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडच्या टेकडीवर जे कार्य केले, त्याचे महत्त्व आपल्या विषयाच्या दृष्टीने विशेष आहे. महागडी विलायती साधने आदिवासी मुलांसाठी कोठून आणावयाची? त्यांनी खडे, बिया, शिंपले अशा भोवतालच्या वस्तूंनाच शिक्षणाची साधने केले. साधन मौल्यवान असावे लागत नाही, हे त्यांनी सिद्ध केले. आमच्या इंदुरातही विनायक सीताराम तथा तात्या सरवटे यांच्या कन्या श्रीमती शालिनीताई मोघे यांनी १९४७ साली बालनिकेतन संघाची स्थापना करून बालशिक्षणाची ज्योत लावली. १९६८ मध्ये त्यांना पद्मश्रीने गौरविण्यात आले. तेव्हा हा विचार या नगरीला परका नाही.

आता प्रत्यक्ष रीतीकडे वळू. घरी करावयाचे असेल तर आगपेटीच्या काड्यांची गुले काढून टाकावीत, किंवा झाडूच्या काड्यांचे सारखे तुकडे करावेत, आणि सोबत रबरी कडी घ्यावीत. प्रथम मुलाला ढीग मोजू द्यावा. तीस-चाळीस काड्या मोजताना ते मध्येच चुकेल आणि पुन्हा आरंभ करील. तेव्हाच दहा-दहाची जुडी बांधण्याची युक्ती सुचवावी. जुडी मुलाने स्वतः बांधावी, हे महत्त्वाचे. दुसऱ्याने बांधून दिलेली जुडी त्याला एक नवीनच वस्तू वाटते. स्वतः बांधलेल्या जुडीत दहा काड्या आहेत, हे ते विसरत नाही. हे पक्के झाल्यावरच न सुटणारे ठोकळे किंवा मण्यांच्या कांड्या द्याव्यात.

मग कागदाचे तीन रकाने करावेत : शतक, दशक, एकक. जुड्या व सुट्या काड्या त्या-त्या रकान्यात ठेवाव्यात आणि लगेच खाली अंक लिहावयास लावावे. काड्यांचा खेळ एके दिवशी आणि अंकांचे लेखन दुसऱ्या दिवशी असे केले, तर मुलाच्या मनात दोहोंचा संबंध जुळत नाही. तीनशे चार मांडताना मधला रकाना रिकामा राहतो. ‘येथे काही नाही, हे कागदावर कसे सांगशील?’ असे विचारले, की शून्याचे प्रयोजन मूल आपण होऊन शोधते. ३००४ ची चूक येथेच नाहीशी होते.

बेरजेकडे आले की आपल्या भाषेतील एक सुंदर शब्द कामी येतो. ४७ आणि ३८ मिळवावयाचे. सात आणि आठ सुट्या काड्या एकत्र केल्या की पंधरा. त्यांतील दहांची जुडी बांधली की पाच सुट्या उरतात. आणि नवी जुडी मुलाच्या हातात असते. तिला आपण ‘हातचा’ म्हणतो. चार, तीन आणि हातचा एक मिळून आठ जुड्या, उत्तर ८५. पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी ‘हातचा एक’ म्हटले, पण बहुतेकांच्या हातात काहीच नव्हते. काड्यांनी तो शब्द पुन्हा खरा होतो. वजाबाकीचेही तसेच. ३०२ मधून १४७ वजा करावयाचे, तर दोन सुट्यांतून सात निघत नाहीत आणि दशकाचा रकाना तर रिकामा. तेव्हा शंभराचा एक गठ्ठा सोडावा. दहा जुड्या होतात. त्यांतील एक जुडी सोडावी. सुट्या बारा होतात. आता दोन गठ्ठे, नऊ जुड्या, बारा काड्या. त्यांतून एक गठ्ठा, चार जुड्या, सात काड्या काढल्या की उरले १५५. कागदावर शून्याचे एकाएकी ९ कसे झाले, हे कोडे पुष्कळ प्रौढांनाही आयुष्यभर उलगडलेले नसते.

तथापि दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगितल्या पाहिजेत. ठोकळे विकत आणून कपाटात ठेवल्याने, किंवा शिक्षक पुढे मांडतो आणि मुले दुरून पाहतात अशा रीतीने काहीच साधत नाही. आणि दुसरे असे की साधन हे साधनच आहे. ते वेळेवर दूर झाले पाहिजे. प्रथम काड्या आणि अंक, मग काड्यांची चित्रे आणि अंक, शेवटी केवळ अंक, असा क्रम असावा. मूल उत्तर आधी सांगून मग काड्यांनी पडताळा पाहू लागले, की समजावे, निरोप देण्याची वेळ आली.

काही ज्येष्ठ सभासद म्हणतील, ‘आम्ही पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी पाठ करून पेढ्या चालविल्या, आम्हांस कोणी ठोकळे दिले नाहीत.’ हा आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे. पाठांतराचा अव्हेर करावा, असे आम्ही म्हणत नाही. समजलेले पाठ झाले की ते दुप्पट उपयोगी पडते. परंतु त्या पिढीच्या बालकांना ठोकळे नव्हते, तरी वस्तू भरपूर होत्या. सोळा आण्यांचा रुपया, चाळीस शेरांचा मण, ऐंशी तोळ्यांचा शेर हे सारे दुकानात हाताळूनच त्यांच्या अंगी मुरले. १ एप्रिल १९५७ रोजी रुपया शंभर नव्या पैशांचा झाला, आणि १९५८ पासून टप्प्याटप्प्याने मेट्रिक वजने आली. तेव्हापासून रुपया, मीटर आणि किलो ही तिन्ही दशमानाचीच उदाहरणे झाली. पेढी ही जणू गणिताची शाळा बनली. आज मात्र परिस्थिती उलट झाली आहे. २०१६ पासून यूपीआय आले. सराफ्यापासून सियागंजपर्यंत ग्राहक दूरध्वनी पुढे करतो आणि रक्कम जमा झाल्याचा आवाज तेवढा ऐकू येतो. सोय मोठी आहे. परंतु दहा नाणी देऊन एक नोट घेण्याचा अनुभव व्यापाऱ्याच्या मुलालाही दुर्मिळ होत चालला आहे. जे पूर्वी सहज मिळत असे, ते आता हेतुपुरस्सर द्यावे लागेल.

येथे एक सूक्ष्म भेद आहे. शंभराची नोट दहाच्या नोटेच्या दहापट मोठी नसते. तिची किंमत डोळ्यांना दिसत नाही, मानावी लागते. म्हणून आकाराने दहापट होणारे ठोकळे किंवा जुड्या आधी, आणि नाणी-नोटा नंतर, असा क्रम हितावह होय.

हजाराच्या घनापर्यंत हात साथ देतो. लाखासाठी असे शंभर घन लागतील. तेथे हात थांबतो आणि बुद्धी पुढे जाते. या पुढच्या प्रवासात आपल्या पूर्वाचार्यांचा वाटा मोठा आहे. ‘लोकविभाग’ हा जैन ग्रंथ मूळ प्राकृतात शक ३८०, म्हणजे इ. स. ४५८ मध्ये रचला गेला. आज तो सिंहसूरींच्या संस्कृत रूपात उपलब्ध आहे. त्यात १३१०७२००००० ही संख्या एककाच्या बाजूने एकेका स्थानाचा अंक सांगत, शून्यासह दिलेली आहे. स्थानमूल्याच्या कालनिश्चित उल्लेखांत तो अत्यंत प्राचीन मानला जातो. इ. स. ८५० च्या सुमारास, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रहा’त एकापासून महाक्षोभापर्यंत चोवीस स्थानांची नावे दिली. चोवीस स्थानांपर्यंत कोणाच्याही काड्या पुरणार नाहीत. पण पहिल्या तीन स्थानांचा अर्थ ज्याच्या हाताला कळला, त्याला एकविसाव्या पायरीची भीती उरत नाही.

केंद्र शासनाने जुलै २०२१ मध्ये ‘निपुण भारत’ योजना सुरू केली. तीत पहिलीअखेर ९९ पर्यंत, दुसरीअखेर ९९९ पर्यंत आणि तिसरीअखेर ९९९९ पर्यंत संख्या लिहिता-वाचता याव्यात, असे उद्दिष्ट ठरविलेले आहे. हे उद्दिष्ट केवळ शाळांवर सोपवून चालणार नाही. सभासद कुटुंबांतील माता-भगिनींनी दिवसातून पंधरा मिनिटे काड्यांच्या जुड्यांसाठी द्यावीत. सुटीच्या दिवशी मुलांना दुकानात न्यावे आणि गल्ल्यातील चिल्लर त्यांच्याकडून दहा-दहाच्या चळतींत लावून घ्यावी. ज्यांना शक्य असेल त्यांनी आपल्या वस्तीतील बालवाडीला चिंचोके, मणी किंवा लाकडी ठोकळ्यांचा एखादा संच द्यावा. खर्च अल्प आहे. पाटीवर ३००४ लिहून बोलणी खाणारे एखादे मूल त्यामुळे आपल्याला गणित येत नाही असे मानण्यापासून वाचले, तरी या दानाचे चीज झाले असे आम्ही समजू.