सोनखत : नाव गोड, पण हात कोण लावणार?

मैत्रिणींनो, शीर्षक वाचून लगेच नाकाला पदर लावू नका! शेणानं अंगण सारवताना आपल्याला काही वाटत नाही. गोठ्यातलं शेणमूत उकिरड्यात मुरवतो आणि त्यावर पोसलेली वांगी कौतुकानं खातो. माणसाच्या मैल्याचंही खतच होतं म्हटलं, की मात्र शी! आणि गंमत पाहा, आपल्याच भाषेनं त्याला नाव दिलंय ‘सोनखत’.

कोकणात आम्ही घर बांधायला काढलं, तेव्हा गवंडी म्हणाला, ‘‘वहिनी, एकच मोठी टाकी बांधू. वीस वर्षं बघायला नको.’’

‘‘आणि त्यानंतर?’’

‘‘मग काय, माणूस बोलवायचा.’’

तो ‘माणूस’ माझ्या मनातून जाईना. हातानं मैला उचलायला माणूस लावणं १९९३ च्या कायद्यानं बंद झालं, २०१३ साली कायदा आणखी कडक झाला, तरी टाक्यांत उतरून माणसं मरतच आहेत. आपल्या घरची घाण दुसऱ्यानं का उपसायची? आपल्या कोकणातल्याच अप्पासाहेब पटवर्धनांनी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम आपल्याला करू द्यावं म्हणून उपोषण केलं होतं. पुढं कणकवलीच्या गोपुरी आश्रमात त्यांनी संडास आणि सोनखताचेच प्रयोग केले.

म्हणून आम्ही दोन खड्ड्यांचा संडास बांधला. साधारण मीटरभर रुंद, मीटरभर खोल असे दोन खड्डे, मध्ये मीटरभर अंतर. भिंतीला फटी ठेवायच्या, तळ मातीचाच. पाणी आणि वायू जमिनीत जिरतात, त्यामुळे वरती नळी लागत नाही. वापरायचा एकच खड्डा. तो भरला, की मधल्या छोट्या कुंडीत वीट बसवून त्याची वाट बंद करायची आणि दुसरा सुरू. पहिला दोन वर्षं झाकून ठेवायचा. इथं घाई नको हं! जंतांची अंडी फार चिवट असतात. न्हाणीचं पाणी आत सोडू नये, अ‍ॅसिड-फिनेल ओतू नये आणि विहिरीपासून निदान दहा मीटर लांब राहावं. पावसाळ्यात खड्ड्यात खालून पाणी भरत असेल, तर मात्र जाणकाराला विचारूनच बांधा.

आमचा पहिला खड्डा चार वर्षांनी भरला, त्यावर दोन वर्षं झाकलेला होता. उघडायची वेळ आली तेव्हा हे हळूच म्हणाले, ‘‘गडी सांगू या का?’’ मी म्हटलं, ‘‘आपलंच आहे, आपणच काढू.’’ खरं सांगते, झाकण सरकवताना माझाही जीव गोळा झाला होता. सासूबाई तर देवघरात जाऊन बसल्या होत्या! हातमोजे, फावडं, तोंडाला फडकं. पहिलं फावडं वर आलं आणि आम्ही एकमेकांकडे बघतच राहिलो. काळपट, भुसभुशीत माती. तोंडावरचं फडकं सोडलं, तर वास पहिल्या पावसातल्या मातीसारखा.

पालेभाज्यांना मी ते घातलं नाही, फळझाडांनाच आळं करून दिलं. काम झाल्यावर साबणानं हात धुतले, झालं.

सासूबाई त्या झाडाचे पेरू अजून खात नाहीत. मुलं एकही उरवत नाहीत म्हणा!